दुसऱ्याचा टायर

मोटारसायकलच्या मागच्या चाकातली हवा गेली की कंधारात काही गोष्टी ठरलेल्या क्रमानं होतात. मालक खाली उतरून चाकाला एक लाथ घालतो. हवा गेलेली त्याला मघाशीच कळलेली असते, तरी लाथेशिवाय खात्री पटत नाही. मग टपरीवरून आवाज येतो, 'ओ सर, मागं हवा नाही!' आणि मग हातातला चहा सांडू न देता चार-पाच जण जवळ येतात, वाकून बघतात आणि एकमुखानं निकाल देतात, 'बदला आता ह्यो टायर.'

निकाल देणाऱ्यांच्या गाड्या टपरीसमोरच उभ्या असतात. त्यांच्या टायरवरची नक्षी शोधायला भिंग लागेल. पण सभेत असले वैयक्तिक मुद्दे काढायचे नसतात.

सभाच ती. भाई केशवराव धोंडग्यांचा हा तालुका. ते इथून आमदार झाले, 1977 साली नांदेडचे खासदार झाले, आणि सभा गाजवायची म्हणजे काय करायचं हे त्यांच्याकडं बघत आमच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. त्यामुळं कंधारात चार माणसं जमली की एक वक्ता होतो, एक अध्यक्ष होतो, उरलेले दोघं अनुमोदन देतात. पंक्चर झालेला माणूस तेवढा श्रोता.

माझा टायर 2.75-18 मापाचा. त्यावर एके काळी नक्षी होती, याला गाडीच्या पूजेचा जुना फोटो साक्षी आहे. टायर गुळगुळीत व्हायला वय लागतं. पंक्चर व्हायला कंधारचा पत्ता पुरतो. राष्ट्रकूटांच्या काळात हे मोठं नगर. भुईकोट किल्ला, किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक, शेजारी जगत्तुंग समुद्र नावाचा भला थोरला तलाव. शत्रू आत येऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त. पण येडी बाभूळ त्या वेळी हिंदुस्थानात आलेलीच नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या राज्यात आली. खंदकाला वळसा घालून तिनं सगळा तालुका कधी घेतला ते कुणाला कळलंही नाही. आता रस्त्याच्या दोन्ही कडांना ती उभी आहे. तिच्यातून वाचलात तर सराटे आहेत, सराट्यातून वाचलात तर बैलाच्या नालेचे खिळे आहेत, आणि तिन्हीतून वाचलात तर रस्ता नवीन होणार म्हणून कडेला टाकलेली खडी आहे. रस्ता यथावकाश होतो. खडी आधी येते.

या सगळ्यातून सुटका करणारे मामा लोह्याच्या रस्त्याला बसतात. वर पत्रा, समोर बाभळीला टांगलेला ट्रकचा टायर, त्यावर चुन्यानं लिहिलेलं 'पंचर'. मी लांबून गाडी ढकलत येताना दिसलो की मामा न बोलता पाना शोधायला लागतात. चाक काढतात, टॉमी घालून टायरचा काठ रिमबाहेर ओढतात, ट्यूब काढून तिच्यात हवा भरतात आणि घमेल्यातल्या काळ्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवतात. बुडबुडे आले की तिथं अंगठा. मग जागा कोरडी करून कानशीनं घासायची, सोल्युशन लावायचं, त्यावर फुंकर मारायची, पॅच चिकटवून हातोडीनं ठोकायचा. इथपर्यंत कुणीही करील. मामांचं खरं कसब पुढं आहे. डोळे मिटून ते दोन बोटं टायरच्या आतून सावकाश फिरवतात. मध्येच थांबतात. 'हा बघा,' म्हणतात आणि पकडीनं काट्याचं टोक उपटून माझ्या तळहातावर ठेवतात. ते इतकं बारीक असतं की श्वास सोडला तरी उडून जाईल. ते न काढता नवीकोरी ट्यूब घातली तरी ती लोह्याच्या आधीच बसणार.

असंच एक टोक मी कागदाच्या पुडीत बांधून ऑफिसला नेलं. कारण आमच्या ऑफिसात खऱ्या पंक्चरला किंमत राहिलेली नाही. उशिराची कारणं तीनच: सासरे सीरियस, एसटी बंद पडली आणि पंक्चर. सहकाऱ्यांनी खोटी पंक्चरं इतकी वापरून ठेवलीत की माझ्यासारख्या प्रामाणिक पंक्चरवाल्याला पुरावा द्यावा लागतो. मी पुडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उघडण्याआधी कपाळाला लावली.

'कुठला अंगारा?'

'साहेब, काटा आहे. मागच्या टायरमधला.'

साहेबांनी पुडी झटकन खाली ठेवली, बोटं तपासली आणि म्हणाले, 'अहो, किती दिवस ठिगळं लावणार? बदलून टाका की एकदाचा!' हे सांगताना ते आवेशानं मागं रेलले आणि लगेच सावरून बसले. त्यांच्या खुर्चीचं एक चाक केव्हाच निघालंय. त्या जागी जुन्या फायलींचा गठ्ठा लावून काम चाललंय. खुर्ची बदलायचा प्रस्ताव, म्हणतात, त्याच गठ्ठ्यात आहे.

मी मामांनाच विचारायचं ठरवलं. ज्यांच्या हाताखालून तालुक्यातली सगळी चाकं जातात त्यांना कळणार नाही तर कुणाला?

'मामा, पंक्चरच काढत राहावं की टायर बदलावा?'

'काढतो की.'

'तसं नाही. तुमचं मत काय?'

'तुमी म्हणाल तसं.'

फार खनपटीला बसल्यावर त्यांनी शास्त्र सांगितलं. जमिनीला टेकणाऱ्या भागात बारीक भोक असेल तर खुशाल पंक्चर काढावं. टायरच्या बाजूला चीर गेली तर तो टायर संपला, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि तिथं काही टिकत नाही. हवा नसताना गाडी दामटली तर टायर आतून चुरतो, बाहेरून काही दिसत नाही. आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली तर देवाला हात जोडून नवी घ्यावी.

'मग माझा यातला कशात बसतो?'

मामांनी चाक हातानं गरकन फिरवलं. 'तुमचा तसा समदीकडूनच गेलाय,' ते म्हणाले, 'पर थोडा थोडा.'

हा 'थोडा थोडा' मला फार धीर देऊन गेला. एका जागी टायरचे धागे दिसायला लागले होते. तिथं मामांनी दुसऱ्या मेलेल्या टायरचा तुकडा कापून आतून बसवला. याला गेटर म्हणतात. गेटर बसवला की ट्यूब वाचते. माणसाचं काही सांगता येत नाही. चाक जमिनीवर सगळीकडून सारखं टेकत नाही, एका जागी उचलून आपटतं. तीसच्या वेगाला 'थड… थड…' असा आवाज येतो आणि पन्नासला दात वाजतात. या गाडीवरून आम्ही दोघं मुखेडला एका लग्नाला गेलो. मांडवात बायकोला पहिल्याच बाईनं विचारलं, 'वहिनी, मालाच्या टेंपोत बसून आलात का?' अक्षता पडेपर्यंत बायको माझ्याशी बोलली नाही. जेवणानंतर बोलली. आतापर्यंत पंक्चरवर गेलेल्या पैशात नवा टायर, नवी ट्यूब आणि वर एक साडी आली असती, असा हिशेब तिनं मांडला. साडी त्यात कशी आली हे विचारायची ती वेळ नव्हती.

बायकोचं म्हणणं हिशेबाला धरून होतं, यात शंका नाही. फक्त आमच्या घरातल्या कुकरची रिंग सैल होऊन वर्ष झालं. रोज रात्री ती फ्रीजरमध्ये ठेवायची, सकाळी आखडली की कुकरला लावायची आणि डाळ शिजेपर्यंत झाकणावर उलथनं दाबून उभं राहायचं. 'नवी रिंग आणू का?' असं मी विचारलं तर उत्तर येतं, 'हिला काय झालंय?'

मग गुरुजी आले. शेजारचे गुरुजी निवृत्त आहेत, इतिहास शिकवायचे. त्यांच्याकडं माझ्याच मापाची जुनी मोटारसायकल आहे. ती कशावर चालते हे विज्ञानाच्या गुरुजींनाही सांगता यायचं नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि उकिडवे बसून माझा टायर वाचायला घेतला.

'हे शेवटचे चार आकडे बघा. 1216. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. तुमचा टायर 2016 सालच्या बाराव्या आठवड्यातला. मार्च अखेर. होळीत जन्मलेला आहे.'

बायको दारातून म्हणाली, 'तरीच रोज बोंब मारायला लावतो.'

गुरुजींनी पुढचा धडा घेतला. नक्षीच्या खाचेत रबराचे बारीक उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद समजायचा; मोटारीच्या टायरला ती हद्द 1.6 मिलिमीटरची. ते उंचवटे शोधायला गुरुजींनी चाक एकदा पूर्ण फिरवलं, मग उलटं फिरवलं.

'सापडले का?'

'उंचवटे असायला आधी खाच लागते,' गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

मग ते मूळ विषयाकडं, म्हणजे इतिहासाकडं वळले. चार्ल्स गुडइयरनं 1839 साली रबर आणि गंधक तापवून टिकाऊ रबर शोधून काढलं आणि 1860 साली डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवून वारला. रबरापायी बुडणारा मी काही पहिला नव्हे. हवेच्या टायरची गोष्ट 1888 सालची. बेलफास्टचा डनलॉप हा मुळात जनावरांचा डॉक्टर. पोराच्या तीनचाकी सायकलला दणके बसतात म्हणून त्यानं चाकांना हवेच्या नळ्या बांधल्या. आणि आपल्याकडची एमआरएफ 1946 साली मद्रासला फुगे बनवायच्या कामातून सुरू झाली.

'म्हणजे ते लोक फुग्यापासून टायरपर्यंत आले,' बायको म्हणाली, 'आणि हे टायर घासत घासत फुग्यापर्यंत.'

गुरुजी मनापासून हसले. उठताना त्यांनी टायरच्या बाजूवरचं माप पुन्हा एकदा वाचलं, 2.75-18, वितीनं रुंदी बघितली आणि 'बरंय' म्हणाले. काय बरं होतं ते मला त्या वेळी कळलं नाही. 'बदलून टाका,' जाता जाता त्यांनी खांद्यावर हात ठेवला, 'माणसानं जिवाशी खेळू नये.'

पुतण्या लातूरला नीटची तयारी करतो. सुट्टीला आला तेव्हा त्याच्यापुढं प्रश्न टाकला. लातूर पॅटर्नची पोरं. त्यांना प्रश्न दिसत नाही, पर्याय दिसतात. 'काका, अ म्हणजे पंक्चर, ब म्हणजे नवी ट्यूब, क म्हणजे नवा टायर आणि ड म्हणजे ब आणि क दोन्ही. बरोबर उत्तराला अधिक चार, चुकीला उणे एक.'

'मी अ लिहीत आलोय.'

'मग तुमचे गुण शून्याच्या खाली गेलेत. न सोडवता सोडून द्यायचा ना प्रश्न!'

'म्हणजे?'

'म्हणजे चालत जायचं.'

हे सांगणाऱ्या पोराच्या मोबाइलची काच आरपार तडकलेली. चिकटपट्टी लावून त्यावर अंगठा फिरवतो. काच बदल म्हटलं तर म्हणतो, 'दिसतंय की.'

दिवाळीला पुण्याहून मेहुणे आले. नवी मोटार. टपरीवरच्या सभेनं तिची पाहणी केली आणि मेहुण्यांनी अभिमानानं सांगितलं की गाडीत स्टेपनीच नाही. सभेत खळबळ माजली. मेहुण्यांनी नियम ऐकवला. केंद्र सरकारनं 2020 च्या जुलैत ठरवलंय, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर लहान मोटारीत जादा चाक ठेवायची सक्ती नाही. 'दाजी, जमाना कुठल्या कुठं गेला! तुम्ही अजून ट्यूब बुडवूलालाव घमेल्यात? पुढचा-मागचा जोडीनं बदला. टायर नेहमी जोडीनं बदलायचे असतात.'

भाऊबीज करून मेहुणे निघाले आणि अर्ध्या तासात फोन आला. लोह्याच्या अलीकडं समोरच्या ट्रकला वाट द्यायला गाडी कडेला घेतली, आणि खडीतल्या एका अणकुचीदार दगडानं टायरच्या बाजूला बोटभर चीर पाडली. यंत्रणा अगदी चोख निघाली. हवा शून्य आहे हे ती लाल दिवा लावून, आवाज करून, पुन्हा पुन्हा सांगत होती. किटमध्ये सगळं होतं. फक्त बाजूला पडलेल्या चिरेचं औषध नव्हतं. मी मामांना डबलसीट घेऊन गेलो, 'थड… थड…' करत. मामांनी चिरेवरून अंगठा फिरवला.

'ह्येला दुसरं चाक लागतंय.'

'ते नाहीये,' मेहुणे म्हणाले.

'मग गाडी लागत नव्हती घ्यायला,' मामा म्हणाले.

त्या मापाचा टायर नांदेडहून येईपर्यंत मेहुणे सहकुटुंब आमच्याकडंच राहिले. पाहुणचाराला मटण, वरणफळं, येसर झालं. त्या खर्चात मला चारी दिशांना लावायला टायर आले असते. नवा टायर आल्यावर मी आठवण दिली, 'जोडीनं बदलायचे ना?' मेहुण्यांनी दुसऱ्या टायरवर प्रेमानं थाप मारली. 'याला काय झालंय, दाजी?'

एवढं होऊनही मी ढळलो नसतो. माळेगावच्या यात्रेनं माझं मन मोडलं. मार्गशीर्षात खंडोबाची ही यात्रा भरते, तिथला घोड्या-गाढवांचा बाजार लांबलांबपर्यंत नावाजलेला आहे. दर्शन घेऊन मी घोड्यांच्या बाजारातून गाडी काढत होतो आणि नालेचा खिळा घुसला. गाडी थांबली तिथं दोन्ही बाजूंना घोडे बांधलेले. एक म्हातारा व्यापारी, पटका बांधलेला, सवयीनं उठून जवळ आला. जनावराचं वय दात बघून सांगणारा माणूस. त्यानं वाकून टायरवर अंगठा दाबला आणि इकडून तिकडं नेला.

'दात गेलेत की सगळे,' तो म्हणाला. 'किती सांगता?'

'विकायची नाही, काका. पंक्चर झालंय.'

तोवर बघे जमले. बाजारात उभी असलेली प्रत्येक गोष्ट विकायलाच आणलेली असते, अशी तिथं सगळ्यांची श्रद्धा. एकानं माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबून भाव केला. ही तिथली जुनी रीत. भाव दोघांतच राहतो. पण माझ्या चेहऱ्यावरून मला आकडा कळला नाही हे ओळखून त्यानं तो सगळ्यांदेखत उलगडून सांगितला. 'मागच्या टायरासकट दहा हजार. टायर काढून ठेवला तर साडेदहा.'

दुसऱ्याच दिवशी मी नांदेडला गेलो आणि नवा टायर, नवी ट्यूब घेतली. दुकानदारानं जुना टायर पायानं कोपऱ्यात लोटला. 'हा ठेवून जा, भंगारात वजनावर जातो.' ते पायानं लोटणं मला आवडलं नाही. एवढी वर्षं ज्यानं मला, गेटरसकट का होईना, इकडून तिकडं नेलं त्याला वजनावर? मी तो गळ्यात अडकवून घरी आणला.

आणि गल्लीत त्याला एकदम मागणी आली. बायकोला त्यात कोथिंबीर लावायची होती. समोरच्या पोराला तो काठीनं पळवायला हवा होता. एका पक्षाचा कार्यकर्ता दोनदा येऊन गेला. 'सर, सोमवारी रास्ता रोको आहे, एक टायर कमी पडूलालाय.' कशासाठी रास्ता रोको आहे, असं विचारलं तर म्हणाला, 'रस्त्यासाठी.' मी जवळजवळ हो म्हणणार होतो. तेवढ्यात गुरुजी आले.

'जाळता? एवढा चांगला टायर?'

'गुरुजी, तुम्हीच म्हणालात ना की जिवाशी खेळू नये?'

'ते तुम्हाला. तुम्हाला मुलंबाळं आहेत, ऑफिस आहे, वेगानं जाता. मी आपला देवळापर्यंत आणि पेन्शनला बँकेपर्यंत.' असं म्हणत त्यांनी टायर उचलला, प्रकाशाकडं धरून आतला गेटर बघितला आणि प्रसन्न झाले. 'हे तर वरून मिळालं!'

महिन्याभरानं मी किल्ल्याजवळून जात होतो, एकदम गुळगुळीत, आवाज न करता. मागून ओळखीचा 'थड… थड…' ऐकू आला. गुरुजींनी मला मागं टाकलं, पुढं जाऊन गाडी थांबवली आणि हात केला.

'काय गुरुजी, टायर कसा आहे?'

'अहो, उत्तम! दोन वर्षं बघायला नको. तुम्हा लोकांना घाई फार.' मग गाडी स्टँडला लावून ते माझ्या गाडीच्या समोर आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

'2.75-18,' ते म्हणाले. 'पुढच्याचं काय ठरवलंय?'